कुत्र्याचं चित्र, दमदमचा कारखाना आणि तुमच्या रीलमधलं गाणं

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. मधली अडखळ आणि चहाचे घोट तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच.)

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, आज नावं आणि सालं जरा जास्त आहेत.

हा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे सुचला. आर्वीकडच्या एका पोरानं पाठवला, नाव सांगू नको म्हणाला. मेसेज असा: "भाऊ, माह्यं अन् माह्या दोस्ताचं एक गाणं हाय. आमीच लिवलं, आमीच चाल लावली, दोस्ताच्या घरी रेकॉर्ड केलं. यूट्यूबवर चाललं थोडंसं. आता एक कंपनी म्हणून रायली का पंधरा हजार घ्या अन् कागदावर सही करा. कागद इंग्रजीत हाय, सात पानं. करू का सही?"

उत्तर देतो भाऊ, पण शेवटी. कारण तुझ्या हातातल्या त्या सात पानांना सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. आणि भारतात हा इतिहास जवळजवळ एकाच कंपनीच्या पोटात आहे. आजी-आजोबा तिला एचएमव्ही म्हणतात. तुम्ही तिला यूट्यूबवर सारेगामा या नावानं बघता. कंपनी तीच.

सुरुवात लंडनला. १८९८ साली तिथे ग्रामोफोन कंपनी उभी राहिली. एमिल बर्लिनर नावाच्या माणसानं चपट्या तबकडीवर आवाज कोरायचं यंत्र काढलं होतं, त्याचे युरोपातले हक्क घेऊन. त्याआधी एडिसनचं यंत्र होतं, पण त्यात आवाज नळकांड्यावर कोरला जायचा. नळकांड्याच्या हजारो प्रती काढणं अवघड. तबकडीचं तसं नाही. एकदा साचा तयार झाला की पोळीसारख्या लाटत सुटा. म्हणजे कंपनीचा खरा शोध आवाज पकडण्याचा नव्हताच, पकडलेला आवाज पुन्हा पुन्हा विकण्याचा होता.

आता ते कुत्र्याचं चित्र. कर्ण्यापाशी कान टवकारून बसलेला निपर. फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकारानं ते काढलं तेव्हा त्यात कुत्र्यासमोर नळकांड्याचं यंत्र होतं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं! ग्रामोफोन कंपनी म्हणाली, त्यावर रंग मार आणि आमची तबकडी काढ, मग घेतो. १८९९ मध्ये सौदा झाला. एकूण शंभर पौंड. त्यातले पन्नास चित्राचे आणि पन्नास चित्राच्या कॉपीराइटचे.

हे पन्नास-पन्नास लक्षात ठेवा. वस्तू विकत घेणं वेगळं आणि त्या वस्तूच्या प्रती काढायचा हक्क विकत घेणं वेगळं. कंपनीला हा फरक पहिल्या दिवसापासून कळत होता. गाणाऱ्यांना कळायला फार वर्षं गेली.

१९०२ मध्ये कंपनीचा माणूस, फ्रेड गेसबर्ग, बोटीनं कलकत्त्याला आला. हॉटेलच्या खोलीत यंत्र मांडलं. माइक नावाची गोष्ट तेव्हा नव्हती. गाणाऱ्यानं कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं, त्या आवाजाच्या धक्क्यानं सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. गौहरजान गायल्या त्या याच खेपेला. ठुमरी संपली की त्या इंग्रजीत स्वतःचं नाव ओरडून सांगायच्या. लोकांना ती ऐट वाटते. कारण साधं होतं. मेणाच्या तबकड्या जर्मनीत हानोव्हरला जायच्या, तिथल्या कामगारांना कोण गातंय ते कसं कळणार? तर ते गाण्यातच बोलून ठेवायचं. आजच्या भाषेत फाइलचं नाव.

त्या एका फेरीत गेसबर्गनं पाचशेहून जास्त ध्वनिमुद्रणं केली. तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची, म्हणून तासभर रंगणारा ख्याल तीन मिनिटांत आवरायला बुवा-बाया शिकल्या. आपलं गाणं तीन-चार मिनिटांचं का असतं, त्याचं एक मूळ इथे आहे. (आणि आता रीलनं तीस सेकंदांवर आणलंय, तो भाग वेगळा.)

१९०८ मध्ये कंपनीनं कलकत्त्यात सियालदहला कारखाना काढला आणि पुढे १९२८ मध्ये दमदमला मोठा. विमानतळामुळे दमदम माहीत असेल. पुढची कित्येक दशकं भारतातल्या रेकॉर्ड मुख्यतः तिथे दाबल्या गेल्या. दुसऱ्या बऱ्याच लेबलांच्या रेकॉर्डसुद्धा तिथेच बनायच्या. दुकानात चार नावं दिसायची, भट्टी एकच.

या रेकॉर्ड कशाच्या? प्लास्टिकच्या नाही. चपड्याच्या. चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख, त्यात दगडाची भुकटी आणि काजळी. आणि लाख कशावर येते? पळस, बोर आणि कुसुम. आपल्याकडे शिमग्याच्या आधी सगळं रान केशरी करून टाकतो, तोच पळस. लाखेचा किडा त्याच्या फांद्यांवर बसतो. जगभरच्या रेकॉर्डना लागणारी लाख मुख्यतः आपल्याच देशातून जायची. लंडन-न्यूयॉर्कमध्ये वाजणाऱ्या तबकडीतसुद्धा आपल्याकडच्या झाडाचा अंश असायचा. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली तेव्हा परदेशात कंपन्या जुन्या फुटक्या रेकॉर्ड परत मागायला लागल्या. नवीन बनवायला माल हवा ना.

आता १९३१. या सालापाशी मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे आपला वर्धा येतो. जवळजवळ येतो म्हणा.

त्या वर्षी मंदीच्या तडाख्यात ग्रामोफोन कंपनी आणि तिची कट्टर स्पर्धक कोलंबिया या दोघींचं लंडनमध्ये विलीनीकरण झालं. नवी कंपनी, ईएमआय. नाव ओळखीचं वाटेल. बँकेच्या हप्त्याशी संबंध नाही, पण योगायोग मस्त आहे. त्याच वर्षी गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले आणि पूर्व लंडनमधल्या किंग्सली हॉल या सेवाभावी वस्तीत उतरले. कोलंबियाच्या लोकांनी त्यांचा आवाज रेकॉर्ड करायचं ठरवलं. गांधीजींनी राजकारणावर बोलायचं नाकारलं. ऑक्टोबरमध्ये त्यांनी देवाविषयी स्वतःच लिहिलेला एक जुना लेख वाचून दाखवला, जो आधी त्यांच्या 'यंग इंडिया' साप्ताहिकात आला होता. दोन बाजू मिळून सहाएक मिनिटं. परत आल्यावर काही वर्षांत ते वर्ध्याला आले आणि १९३६ मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. बापू कुटीत गेलात की तिथली शांतता आठवेल तुम्हाला. त्या माणसाचा आवाज तेव्हा एका ब्रिटिश कंपनीच्या तबकडीवर दुकानात विकला जात होता. यंत्रांविषयी त्यांची मतं आपल्याला माहीत आहेत, तरी रेकॉर्ड झाली.

आणि दुसरी गंमत. साधारण १९३५ मध्ये मुंबईत एक स्वदेशी रेकॉर्ड कंपनी निघाली, तिच्या लेबलचं नावही 'यंग इंडिया'. वडाळ्याला स्वतःचा कारखाना. परदेशी कंपनीला देशी पर्याय हा सरळ हिशेब. मोठे कलाकार बहुतेक एचएमव्हीकडे बांधलेले, त्यामुळे यंग इंडियानं नवखे, हौशी, अजून नाव न झालेले आवाज घेतले. मराठीतही बरंच काम केलं. १९५५ च्या सुमारास ती बंद पडली. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त हळहळ या कंपनीची वाटते. जुन्या बाजारात तिची रेकॉर्ड सापडली तर हातात घेऊन बघा, पण जपून. चपड्याची आहे, पडली की तुकडे.

एचएमव्हीनं मराठीत काय केलं? नाट्यगीतं तर केलीच. पण भावगीत नावाचा प्रकार घरोघर पोचला तो या रेकॉर्डमुळे. आणि तो पोचवणारा माणूस आपल्या बाजूचा. गजानन... नाही नाही, थांबा, 'ग' म्हणजे गोविंद. जी. एन. जोशी. विदर्भातला, वकिलीचं शिक्षण घेतलेला गायक. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' ही कविता त्यांनी १९३० च्या दशकात गायली, एचएमव्हीनं रेकॉर्ड काढली, आणि मेहकरच्या कवीचे शब्द अशा लोकांच्या तोंडी बसले ज्यांनी कवितेचं पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं. जोशी पुढे त्याच कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि अनेक वर्षं मोठमोठ्या गवयांना स्टुडिओत आणून बसवायचं काम त्यांनी केलं. त्यांच्या आठवणींचं पुस्तक आहे, मिळालं तर वाचा. त्यात कंपनीचा नफातोटा कमी आणि कलाकारांचे रुसवेफुगवे जास्त आहेत, म्हणूनच वाचनीय.

१९४६ मध्ये भारतातल्या धंद्याची वेगळी कंपनी नोंदवली गेली. मालक अर्थात ईएमआय. मग सिनेमा वाढला, रेडिओ वाढला, पन्नाशीच्या शेवटी मोठ्या एलपी रेकॉर्ड आल्या, आणि वीसेक वर्षं भारतात गाणं म्हणजे एचएमव्ही.

इथे 'गीतरामायण' घ्या, कारण त्यावरून मुद्दा चांगला कळतो. १९५५ च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर ते वर्षभर चाललं. ५६ गाणी. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. रेडिओवर वेगवेगळे गायक होते. नंतर एचएमव्हीनं एलपी काढल्या त्या सगळ्या फडक्यांच्या आवाजात. आता सांगा, गाणं कोणाचं? एका गाण्यात तीन वेगळे हक्क बसलेले असतात. शब्दांचा, चालीचा आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. आकाशवाणीचं ध्वनिमुद्रण वेगळं, एचएमव्हीचं वेगळं, शब्द आणि चाल तीच. तुम्ही उद्या स्वतःच्या आवाजात गायलात तर ध्वनिमुद्रण तुमचं, पण शब्द-चालीचं काय, ते विचारावं लागतं.

आणि गाणाऱ्याचं काय? साठच्या दशकात लतादीदींनी नेमका हाच प्रश्न विचारला. एकदा पैसे घेऊन विषय संपवायचा नाही, रेकॉर्ड विकली जाईल तसा वाटा हवा. रफीसाहेबांचं मत उलट होतं. गायलो, पैसे मिळाले, झालं. यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं बंद केलं. रफीसाहेब भला माणूस, पण या मुद्द्यावर मी दीदींच्या बाजूनं आहे.

लेखक-संगीतकारांचं तर आणखी वाईट. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की सिनेमासाठी पैसे घेऊन शब्द किंवा चाल करून दिली, आणि करारात वेगळं काही लिहिलं नाही, तर पहिला मालक निर्माता. निर्माता ते पुढे रेकॉर्ड कंपनीला द्यायचा. कवीच्या हातात एकदाचा चेक. त्यानंतर गाणं पन्नास वर्षं वाजो.

मग कॅसेट आली आणि राजाचं सिंहासन हललं. ७५ साली 'शोले'चे संवाद पॉलिडोरनं रेकॉर्डवर काढले आणि लोकांनी ते गाण्यांसारखे पाठ केले. एचएमव्हीशिवायही धंदा होतो हे तेव्हाच दिसलं होतं. आखाती देशांतून टू-इन-वन आले. कॅसेट बनवायला दमदमसारखा कारखाना लागत नाही, एका खोलीत यंत्रं मांडली की झालं. १९८३ मध्ये गुलशन कुमारांनी टी-सीरीज काढली. त्यांचं हत्यार कायद्यातच होतं: मूळ रेकॉर्ड निघून दोन वर्षं झाली की ठरलेली रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेता यायचं. एचएमव्हीची जुनी गाणी नव्या आवाजात, निम्म्याहून कमी किमतीत. (पुढे कायदा बदलून ही मुदत पाच वर्षं केली.) आपल्याकडे या स्वस्त कॅसेटनं एक चांगलं केलं, ते मान्य करायलाच हवं. ज्या गाण्यांना मोठ्या कंपनीच्या दारात फारशी जागा नव्हती ती बाजारात आली. भीमगीतं, वऱ्हाडी गाणी, खंजिरीची भजनं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलेल्या घरात एखादी तरी कॅसेट यायचीच.

एचएमव्ही मात्र खंगत गेली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात गोएंकांच्या आरपीजी समूहानं ती घेतली, आणि २००० मध्ये नाव बदलून सारेगामा झालं. तेव्हा अनेकांना वाटलं, ही कंपनी आता म्युझियममध्ये जाणार. सीडी पडली, चोरीच्या एमपीथ्रीचा सुळसुळाट, नवीन सिनेमांची गाणी दुसऱ्या कंपन्यांकडे.

तिकडे लंडनला तर खरंच संपलं. ईएमआय २००७ मध्ये टेरा फर्मा नावाच्या गुंतवणूक कंपनीनं प्रचंड कर्ज काढून विकत घेतली. चार अब्ज पौंडांहून जास्त किंमत. कर्ज फिटेना, २०११ मध्ये सिटीग्रुप बँकेनं कंपनीच ताब्यात घेतली. २०१२ मध्ये तुकडे झाले. ध्वनिमुद्रणं युनिव्हर्सलला, शब्द-चालींचे हक्क सोनीच्या गटाला, आणि स्पर्धेच्या नियमामुळे युनिव्हर्सलला जे सोडावं लागलं त्यातला मोठा भाग पुढच्या वर्षी वॉर्नरला. आज जगात याच तीन मोठ्या कंपन्या आहेत. म्हणजे आई गेली आणि कलकत्त्याची लेक जगली.

कशावर जगली? जुन्या सह्यांवर. लाखाहून जास्त गाण्यांचे कागद तिच्या कपाटात होते. २०१७ मध्ये तिनं कारवाँ काढला, जुन्या रेडिओसारखा दिसणारा डबा, आत पाच हजार गाणी भरलेली, किंमत सहा हजारांच्या आसपास. तरुण लोक हसले. मग त्याच तरुणांनी दिवाळीला आई-बाबांसाठी तो घेतला. आमच्याही घरी आहे, रोज सकाळी साडेसहाला सुरू होतो, माझी झोप मोडते. पण खरा पैसा तुमच्या फोनमध्ये आहे. २०१९ मध्ये सारेगामानं स्पॉटिफायला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं आणि गाणी काढायला लावली. वर्षभरानं करार झाला तेव्हा ती परत आली. २०२० मध्ये फेसबुकशी करार झाला. म्हणून तुम्ही इन्स्टावर ते जुनं गाणं रीलला लावू शकता. लावता तेव्हा तुम्हाला फुकट वाटतं. पैसे कुठूनतरी गेलेले असतात.

कायमचे नाही बरं का. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांचा. प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजायचे. शब्द आणि चालीचा हक्क लेखकाच्या, संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे एखादी १९५० ची रेकॉर्ड मोकळी झाली तरी तिच्यातले शब्द मोकळे नसू शकतात. गौहरजान मोकळ्या. गांधीजींची १९३१ ची तबकडी मोकळी, आणि त्यांचं लिखाणही २००९ पासून मोकळं.

आता आर्वीच्या भावा, तुझे सात पान.

पहिली गोष्ट: शब्द तुमचे, चाल तुमची, रेकॉर्डही तुम्हीच केलं. तिन्ही हक्क तुम्हा दोघांकडे आहेत. गौहरजानकडे हे नव्हतं, बऱ्याच मोठ्या सिनेगीतकारांकडेही नव्हतं. म्हणजे तू कमजोर बाजूनं बोलत नाहीयेस. आणि सही दोघांची लागेल, तुझ्या एकट्याची नाही.

दुसरी: कागदात 'असाइनमेंट' लिहिलंय की 'लायसन्स', ते शोध. असाइनमेंट म्हणजे मालकीच दिली. लायसन्स म्हणजे वापरायला दिलं. शेत विकणं आणि बटईनं देणं यातला फरक.

तिसरी: २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले. आता गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा सही करूनही सोडून देता येत नाही. "सगळी रॉयल्टी माफ" असं लिहून घेतलं तरी ते टिकत नाही. पण तो वाटा आपोआप घरी येत नाही, त्यासाठी आयपीआरएस या संस्थेचं सभासद व्हावं लागतं. गायकांसाठी वेगळी संस्था आहे, तिचं नाव आधी इस्रा होतं.

चौथी, आणि ही बऱ्याच जणांना माहीत नसते: करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच त्या सात पानांत कुठेतरी "कायमसाठी" आणि "संपूर्ण जगात" अशा अर्थाचे शब्द असणार, बघ. ते असतील तर पंधरा हजारांत तू कायमचं आणि संपूर्ण जग विकतोयस. पाच वर्षं लिहून द्या म्हणायचं. नाही म्हणाले तर नाही. आणि सही करण्याआधी कागद वकिलाला दाखव, माझ्या पॉडकास्टवर विसंबू नको.

हे मी त्याला मागच्या आठवड्यातच फोनवर सांगितलं होतं. काल त्याचा परत मेसेज आला: "भाऊ, तिसऱ्या पानावर दोनी शब्द सापडले. कंपनीले पाच वर्षाचं इचारलं. तवापासून फोनच उचलून नाही रायले. सोमवारी वर्ध्याले वकिलाकडं जाऊन रायलो, दोस्ताले घेऊन."